टेक्स्ट फाइलमधला आवाज

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या निम्म्यांना हसते. चिंचेचं झाड, पांढरी साडी, अमावास्या... आमच्या घरात असल्या गोष्टींना थाराच नव्हता. वडील सायन्सचे शिक्षक. मी स्वतः आयुष्यभर कॉम्प्युटरवर काम केलेली बाई. डेटा चुकीचा दिसला तर तो कोणीतरी चुकीचा भरलेला असतो — माझा एवढाच धर्म. त्यामुळे मी हे लिहायला बसले आहे याचं माझं मलाच नवल वाटतंय. पण माझ्या बाबतीत जे झालं त्यात ना झाड होतं, ना रात्र. चांगली लख्ख सकाळ होती, खाली पिठाची गिरणी चालू होती आणि समोर एक साधी फाइल उघडलेली होती.

दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. मी तेव्हा नाशिक रोडला एका छोट्या ट्रस्टमध्ये नोकरी करत होते. ट्रस्टचं नाव सांगत नाही, आता ते बंदही झालंय. काम असं होतं — एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी फोन करायचा. उठलात का, चहा झाला का, गोळी घेतली का... बस्स, इतकंच. आमच्या भागात असे लोक खूप. नोटांच्या प्रेसमधून, रेल्वेतून रिटायर झालेले, मुलं पुण्याला नाहीतर अमेरिकेला, आणि कॉलनीतल्या घरात नवरा-बायकोंपैकी एकच मागे उरलेलं. कुणी फोन उचलला नाही तर आमच्यातलं कोणीतरी घरी जाऊन बघायचं.

ऑफिस म्हणजे एका सोसायटीतला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट. हॉलमध्ये दोन टेबलं. एकावर मी आणि माझा कॉम्प्युटर, दुसऱ्यावर विलास, त्याचा कॉम्प्युटर आणि फोन.

विलासबद्दल आधी सांगायला हवं. तिशीच्या आतला, मूळचा येवल्याचा, आणि लहानपणापासून पूर्ण अंध. टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स केलेला. सगळ्या आजी-आजोबांना रोज फोन करायचा तो हाच. बिचारा वगैरे अजिबात नव्हता हं — चहात साखर कमी पडली तर चिडायचा, मॅच असली की एका कानात रेडिओ लावून बसायचा, आणि कुणी त्याला हात धरून जिन्यावरून न्यायला लागलं तर फटकन म्हणायचा, "मला दिसत नाही, चालता येतं." म्हाताऱ्यांशी मात्र असा बोलायचा, की काही आज्या त्याच्या फोनच्या आधी वेणी घालून बसायच्या. आवाजावरून त्याला कुणाचा खोकला वाढलाय, कुणाचं भांडण झालंय, सगळं कळायचं.

माझ्याकडे डेटाबेस होता. नाव, पत्ता, फोन, औषधं, शेजाऱ्यांचा नंबर, मुलांचे पत्ते. रोज सकाळी त्यातून त्या दिवसाचा रिपोर्ट काढायचा. स्क्रीनवर तो रिपोर्ट छान दिसायचा — रेषा, चौकटी, वर ट्रस्टचं चिन्ह. पण विलासच्या कॉम्प्युटरवर जे वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर होतं, त्याच्या दृष्टीने तो रिपोर्ट म्हणजे नुसतं चित्र. ते गप्पच बसायचं. म्हणून मी रोज तो रिपोर्ट एक्सपोर्ट करून त्याची साधी टेक्स्ट फाइल करायचे आणि आम्हा दोघांच्या कॉम्प्युटरमध्ये एक सामायिक फोल्डर होतं, त्यात टाकायचे. विलास हेडफोन लावून ती ऐकायचा आणि एकेक नंबर फिरवायचा. सगळ्यांशी बोलणं झालं की मला सांगायचा, मी नोंदी करायचे. आणि मग दुपारी तोच रिपोर्ट पुन्हा बाहेर काढायचा — आमच्या डॉक्टरांसाठी एक्सेलमध्ये, घरोघरी जाणाऱ्या स्वयंसेवकांसाठी वर्डमध्ये. ज्यांच्या मुलांकडे ई-मेल होता, त्यांना त्यांच्या आई-वडिलांपुरतं एक पान, तेही एक्सेलमध्येच, मेलला जोडून पाठवायचं. टेक्स्ट फाइल फक्त विलासची. ती मी कधीही कुणाला मेल केली नाही. हे लक्षात ठेवा.

त्या सॉफ्टवेअरचा आवाज परदेशी पुरुषाचा होता, नाकातला. मराठी नावं आम्ही इंग्रजी अक्षरांत भरायचो आणि तो त्यांची पार वाट लावायचा. देशपांडे आजोबांना तो 'देश पँडी' म्हणायचा. कुसुम बोरसे या आजींना 'क्यूसम बोर्स'. विलास ते ऐकून रोज हसायचा. फोनवर मात्र तो त्यांना कुसुममावशीच म्हणायचा.

कुसुममावशी जेलरोडकडच्या एका कॉलनीत तळमजल्यावर एकट्या राहायच्या. माहेर-सासर दोन्ही सटाण्याकडचं. मिस्टर प्रेसमध्ये होते, ते गेले तेव्हापासून एकट्या. नाशिकला इतकी वर्षं काढूनही बोलण्यात मधूनच 'आहे'च्या जागी 'शे' यायचं. एकच मुलगी, संगीता, बडोद्याला शाळेत शिकवायची. तिच्याशी माझा फक्त ई-मेलवर संबंध. विलासचं तिच्याशी कधी बोलणंच झालेलं नव्हतं.

तर त्या दिवशी. डिसेंबरची थंडी होती, मी स्वेटर घालूनच काम करत होते. फाइल तयार करून फोल्डरमध्ये टाकली आणि चहा गाळायला आत गेले. बाहेर आले तर विलास हेडफोन काढून हातात धरून बसलेला.

"अर्चनाताई, आज तुम्ही कुणाकडून वाचून घेतलंय का?"

"काय वाचून घेतलंय?"

"फाइल. मधेच एक बाई वाचतायत."

मला वाटलं, गंमत करतोय. त्याच्या गमती असल्याच असायच्या. मी म्हटलं, "टेक्स्ट फाइल आहे रे. तिच्यात आवाज कुठून येणार? अक्षरं आहेत नुसती."

"तेच तर म्हणतोय," तो म्हणाला. "कुसुममावशींच्या नावापर्यंत आपला तो साहेब वाचतोय. मग एक बाई. नाव बरोब्बर घेते — कुसुम बोरसे. पत्ता वाचते. आणि मग म्हणते, 'दार उघडंच शे.' मग परत साहेब सुरू."

"परत लाव."

त्याने लावलं. एक हेडफोन माझ्या कानाला, एक त्याच्या. तोच नाकातला आवाज. 'क्यूसम बोर्स'... पत्ता, फोन नंबर, पुढचं नाव. मी म्हटलं, "काही नाहीये, विलास."

त्याचा चेहरा मात्र बदलला होता. "आत्ता झालं की! तुम्हाला नाही आलं ऐकू?"

प्रामाणिकपणे सांगायचं तर मला बाई ऐकू आली नाही. पण पुन्हा एकदा लावल्यावर एक जाणवलं... त्या नावानंतर आणि पत्त्याच्या आधी जरा जास्त वेळ शांतता होती. आणि त्या शांततेत कोणीतरी बोलण्याआधी श्वास घेतो ना, तसा श्वास. मशीन श्वास घेत नाही. माझ्या मानेवर काटा आला, पण मी तो थंडीवर ढकलला. माझ्या जागेवर येऊन फाइल उघडून बघितली. नाव, पत्ता, नंबर. एक अक्षर जास्त नाही.

"कशी आहे बाई?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"चाळिशीची असेल. घसा बसलाय तिचा. आणि खान्देशी आहे. पण कुसुममावशी नाहीत त्या — मावशींचा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखीन."

एवढं बोलून त्याने थेट कुसुममावशींचा नंबर फिरवला. त्यांचा नंबर खरं तर बराच खाली असायचा. रिंग जात राहिली. उचलला नाही. पुन्हा फिरवला. नाही.

आमचा नियम असा, की कुणी उचललं नाही तर तासाभराने पुन्हा करायचा. लोक अंघोळीला असतात, देवळात जातात. मावशी तर सकाळी भाजीवाल्या बायका आल्या की पिशवी घेऊन कोपऱ्यापर्यंत जायच्याच आणि तिथे गप्पा मारत उभ्या राहायच्या. मी तसं म्हटलं.

विलास ओरडलाच. इतक्या वर्षांत तो माझ्यावर कधी आवाज चढवून बोलला नव्हता.

"ताई, तुम्ही जाता का मी जाऊ? मला रिक्षात बसवून द्या, मी विचारत विचारत जातो!"

त्याच्या हाताला घाम आला होता. टेबलाच्या काचेवर पंजाचा ओला ठसा उमटला होता. मी पर्स उचलली आणि निघाले. खोटं कशाला बोलू, विलासचं समाधान म्हणून निघाले. वाटेत रिक्षात मी चिडलेच होते त्याच्यावर.

मावशींच्या दारात पोचले तर शेजारच्या बाई कपडे वाळत घालत होत्या. मी बेल वाजवली. आतून काही नाही.

"जोरात हाका मारा," त्या बाई म्हणाल्या. "आतून कडी लावून बसतात त्या. माझ्याकडे लॅचची किल्ली आहे, पण कडी असली की तिचा उपयोग नाही. मागे एकदा त्यांना झोप लागली होती तेव्हा अर्धा तास दार बडवत होतो आम्ही."

मी दाराला नुसता हात लावला. दार उघडलं.

शेजारच्या बाई हातातले कपडे टाकून आल्या. मग नाकात करपल्याचा वास शिरला.

मावशी स्वयंपाकघरात ओट्याखाली पडलेल्या होत्या, एका कुशीवर. गॅसवर दुधाचं पातेलं पार काळं झालेलं. मी गॅस बंद केला. मावशींचे डोळे उघडे होते, पण तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, उजवा हात मेल्यासारखा पडलेला होता. मला बघून त्यांनी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, नुसता आवाज आला. शेजारच्या बाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि मी त्यांच्याच फोनवरून आमच्या डॉक्टरांना फोन केला.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, "अर्धांगवायूचा झटका आहे. लवकर आणलंत. अजून तासभर गेला असता तर काही सांगता आलं नसतं." मी बाकावर बसले. तासभर. आमचा नियम तासाभराचाच होता.

त्या दिवशी ऑफिसचं सगळं काम तसंच राहिलं. मी संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलमध्ये. ना नोंदी झाल्या, ना दुपारचे रिपोर्ट निघाले, ना एकही मेल गेला. विलासला एकट्याने बाकीचे फोन करावे लागले. त्या फाइलमध्ये नंतर पुन्हा कुणी बोललं नाही, असं तो म्हणाला. संगीताला मी हॉस्पिटलसमोरच्या एसटीडीवरून फोन लावला, पण तिच्या शेजाऱ्यांनी सांगितलं की ती सकाळीच नाशिकला यायला निघाली आहे. मला वाटलं, मावशींच्या शेजारणीने कळवलं असेल. त्या धांदलीत मी जास्त विचार केला नाही.

संगीता थेट हॉस्पिटलमध्ये पोचली तेव्हा मी घरी आले होते, त्यामुळे आमची गाठ पडली नाही. एक दिवस मध्ये गेला. मावशींचा धोका टळला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी विलास फोनवर देशपांडे आजोबांशी बोलत असताना दारात एक बाई उभी राहिली. सुती साडी, डोळे सुजलेले, गळ्याभोवती मफलर.

"अर्चनाताई कोण?" तिने विचारलं. घसा पूर्ण बसलेला.

विलासने आजोबांना "नंतर करतो" म्हणून फोन ठेवून दिला. असं तो कधीच करत नसे. तो उभा राहिला. मी संगीताला खुर्ची दिली, पाणी दिलं, ती माझे हात धरून आभार मानायला लागली. विलास तसाच उभा.

"ताई," तो तिला म्हणाला, "तुमच्या आईंचं नाव घ्या बरं एकदा."

तिला कळेना. तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "कुसुम बोरसे."

विलास खाली बसला. माझ्याकडे तोंड करून तो हळूच म्हणाला, "ह्याच."

मी तिला आवाजाचं सांगणारच होते. पण संगीताच पुढे बोलायला लागली.

ती म्हणाली, "मी खरं तर विचारायलाच आले होते. त्या दिवशी सकाळी तुम्ही तो मेल कसा पाठवला? रोज दुपारी येतो ना तुमचा. मी शाळेत पोचले, ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर सहज मेल उघडला तर तुमचा मेल आलेला. आणि रोजची ती चौकटींची एक्सेल फाइल नव्हती. साधी होती, नुसती अक्षरं. आईचं नाव, पत्ता. मला सर्दी झाली होती, चष्मा घरी विसरले होते, म्हणून स्क्रीनजवळ तोंड नेऊन मोठ्याने वाचत होते एकेक अक्षर. पत्त्यानंतर लिहिलं होतं — दार उघडंच शे. इंग्रजी अक्षरांत. मला हसू आलं, म्हटलं आईनेच सांगितलं असेल तसं लिहायला. शेजारी आमचे क्लार्क बसले होते, गुजराती आहेत, त्यांनी विचारलंसुद्धा — बेन, कौनसी भाषा बोल रही हो? आणि मग... एकदम लक्षात आलं. आई तर कधी दार उघडं टाकत नाही. मी लगेच तिला फोन लावला. उचलेना. तुम्हाला लावला, तर एंगेज. शेजारी सांगून तशीच निघाले."

मी तिला सांगितलं, त्या दिवशी मी कुणालाच मेल पाठवला नाही. तिचा विश्वास बसेना. मी सेंट मेलचं फोल्डर उघडून दाखवलं. त्याच्या आदल्या दिवसाचे मेल होते, मग तो एक दिवस कोरा, मग पुढचे. तिनेही आमच्याच कॉम्प्युटरवर तिचं अकाउंट उघडलं. तिच्याकडेही तो मेल नव्हता. ती पुन्हा पुन्हा वर-खाली करून शोधत होती आणि म्हणत होती, "मी डिलीट नाही केला... अहो, मी हात पण नाही लावला त्याला..."

खाली गिरणी चालू होती.

आता मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. आमचे कॉम्प्युटर दुरुस्त करायला नितीन नावाचा एक हुशार माणूस यायचा, त्याला बोलावलं. त्याने व्हायरस तपासला, साउंड कार्ड तपासलं, नेटवर्कची वायर काढून घातली. म्हणाला, "मॅडम, हेडफोनची वायर कधीकधी रेडिओ पकडते." मी म्हटलं, "रेडिओवर कुसुम बोरसेंचा पत्ता सांगतात का?" तो हसला. मेलबद्दल म्हणाला, सर्व्हरवर कधीकधी मेल अडकून नंतर पोचतात. पण मी टेक्स्ट फाइल कधी पाठवलीच नव्हती, तर अडकणार काय? आणि माझ्या फाइलमध्ये ते वाक्य नव्हतंच. दाराचं म्हणाल तर मी एक वेळ मान्य करते — सकाळी दूधवाल्याकडून दूध घेतल्यावर मावशी दार नुसतंच लोटून आत गेल्या असतील. होतं असं. पण ते बडोद्यात कुणाला कसं कळणार?

मावशींना बोलता यायला दोन-तीन महिने लागले. तोवर संगीताने रजा घेऊन इथेच मुक्काम केला होता. उन्हाळा लागला तेव्हा मी आणि विलास त्यांना भेटायला गेलो. मावशी पलंगावर टेकून बसल्या होत्या, बोलणं जड होतं पण समजत होतं. विलासचा हात हातात घेऊन त्या खूप वेळ बसल्या. आम्ही त्यांना आवाजाचं, मेलचं काही सांगितलं नव्हतं — संगीताने मनाई केली होती, आई घाबरेल म्हणून.

बोलता बोलता मावशींनीच विचारलं, "तो मानूस कोन शे रे तुमच्याकडे?"

"कोण माणूस, मावशी?" विलास म्हणाला.

"मी पडेल होती ना... तवा एक मानूस सारखा मन्हं नाव घेत होता. कानाशी. गोऱ्या साहेबावानी बोले. नाव बी धड घेता येत नव्हतं मेल्याला." आणि वाकड्या तोंडाने, हसत हसत, त्यांनी त्याची नक्कल केली — "क्यूसम बोर्स... क्यूसम बोर्स..."

मावशी आमच्या ऑफिसात कधीही आल्या नव्हत्या. तो मशीनचा आवाज त्यांनी कुठेही ऐकलेला नव्हता. विलास तर हेडफोनवर ऐकायचा, फोनवरूनही तो जाणं शक्य नव्हतं.

"घाबरलात का हो तेव्हा?" मी विचारलं.

"नाय," मावशी म्हणाल्या. "वाटलं, कोनी तरी हाक मारी राहिला, म्हंजी अजून मी शे."

संगीता उठून स्वयंपाकघरात गेली. आतून भांड्यांचा आवाज आला नाही, नुसता नळ चालू राहिला.

मावशी पुढे काही वर्षं चांगल्या जगल्या, मुलीकडे बडोद्याला. तिथेच गेल्या, झोपेत. विलासला नंतर एका बँकेत नोकरी लागली, त्याचं लग्न झालं, एक मुलगी आहे. आमचा फोन होतो अजून. तो हा विषय काढत नाही आणि मी काढला तर क्रिकेटवर नेतो.

एकदाच तो त्यावर बोलला. मावशींच्या प्रसंगानंतर पुढच्या पावसाळ्यात आमच्या यादीतले एक आजोबा गेले. रेल्वेतून रिटायर झालेले, लग्न न केलेले, मागे-पुढे कुणी नाही. सकाळी फोन उचलला नाही म्हणून आम्ही लगेच धावलो, नियम तर तोवर कधीच बदलला होता. पण ते रात्रीच गेले होते. त्या सकाळी फाइलमध्ये काहीही ऐकू आलं नव्हतं. मशीनने त्यांचं नाव नेहमीसारखं चुकीचं घेतलं आणि पुढे गेलं. मी फार अस्वस्थ होते. विलासला म्हटलं, "यांच्या वेळी का नाही रे कोणी बोललं? मावशींचंच काय एवढं होतं?"

त्याने हेडफोनची वायर गुंडाळून ठेवली. मग म्हणाला, "मावशींचं पान रोज कोणीतरी वाचत होतं, ताई. यांचं कोण वाचत होतं? तुम्ही बनवायचात आणि मशीन वाचायचं."

हे काही उत्तर नव्हे. शास्त्रात बसणारं तर मुळीच नव्हे. आज माझा भाचा सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याला मी हे सांगितलं तर तो एन्कोडिंग आणि कॅश असले शब्द वापरून अर्धा तास बोलला, आणि शेवटी म्हणाला, "मावशी, पण त्या आजींना मशीनचा उच्चार कसा कळला?" मी म्हटलं, "तेच मी तुला विचारतेय." इतक्या वर्षांत मला कुणी याचा उलगडा करून दिलेला नाही. वाचकांपैकी कुणाला जमला तर जरूर कळवा, मी मोकळ्या मनाने ऐकेन.

मी मात्र त्या पावसाळ्यापासून ट्रस्ट बंद होईपर्यंत एक केलं. सकाळी रिपोर्ट एक्सपोर्ट करायच्या आधी, स्क्रीनवरचं एकेक नाव मोठ्याने वाचायचे. पहिल्यापासून शेवटपर्यंत, नीट, पूर्ण नाव. खाली गिरणीत दळण टाकायला आलेल्या बायका वर बघायच्या. कुणी विचारलंच, तर मी सांगायचे — स्पेलिंग तपासतेय.